लोकरीची गाठ

सास्काटूनमध्ये उणे एकतीसची दुपार.
बुटांचा बर्फ दाराशी झटकून तो आत आला,
हातमोजे दातांनी ओढून काढले
आणि कोटाच्या खिशातून
लाल लोकरीचा एक धागा.
मधेच कुठेतरी गाठ.

"टीव्हीपासून खालच्या डब्यापर्यंत,
कपाटामागून वळवून. गाठीपर्यंत मोज.
एवढी तार दे."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा.
टीव्ही विकला की दुकानाला सुटायचे जेमतेम वीस डॉलर,
त्याच्यासोबत केबल विकली तर साठ.
कोंबडीपेक्षा मसाल्यात पैसा,
हे ग्लेनिसनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
आणि काचेच्या खोलीतून ती बघतही असायची
आपलं शिकवणं किती मुरलंय ते.

तर मी डोळ्यांच्या उंचीवरची काढली.
काळ्या मखमलीत वेटोळं घालून निजलेली,
दोन्ही तोंडांना सोन्याचा मुलामा,
एकोणनव्वद डॉलर.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
"यातून जातं काय?"
"चित्र. आवाज."
"ते पडद्यावर. तारेतून काय जातं?"
"शून्य," मी म्हणालो, "आणि एक."
"मग सोन्यानं काय होतं,
एकाचा सव्वा होतो?"

मला पाठ होतं ते सगळं मी म्हणून टाकलं.
खोल काळा रंग. गवताचं पातं न् पातं.
तो ऐकत राहिला,
पाहुण्याच्या पोरानं कविता म्हणावी
आणि आपण ऐकावी, तसा.

मग म्हणाला, ऑर्विल हनाट्युक माझं नाव,
एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलोय
हंबोल्टच्या पलीकडे, वाऱ्यात.
साधं तांबं होतं, वर कावळे बसायचे.
त्यातून लोकांनी लग्नं जमवली,
गव्हाचे भाव विचारले,
मध्यरात्री कळवलं, बाबा गेले.
कुणाची तक्रार आली नाही
की रडणं नीट ऐकू येत नव्हतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.
"माझी बायको. तिच्या दाढेत सोनं आहे.
चाळीस वर्षं झाली,
तिचं बोलणं मला त्यामुळे
जास्त समजलंय असं नाही."

पन्नास फूट न्यायची असती
तर जाडी विचारली असती, तो म्हणाला.
इथे दोन हातांचा प्रश्न.
आलं तर पूर्ण येईल,
नाही आलं तर पडद्यावर चांदण्या दिसतील,
मग पावती घेऊन मी परत येईन, तू असशीलच.

खाली बॅटऱ्यांच्या मागे एक होती,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन मीटर, सहा डॉलर.
तिच्यावर धूळ होती. तिचं नाव कुणी घेत नसे.
आम्ही लोकर तिच्याशेजारी ताणून धरली.
गाठीनंतर वीतभर उरली.
"असू दे. ताणून लावली
की तार सांध्यातच जाते."

तो परत आला नाही.
पुढच्या शनिवारी मात्र
त्याच्या कर्लिंग क्लबातली मंडळी यायला लागली.
मिसेस प्रोकोपिव बुटाची नाडी घेऊन,
एक जण मासे धरायची दोरी,
गळासकट,
एका म्हातारीनं तर नुसते हात फाकवून आणलेले,
पार्किंगपासून तसेच,
दार उघडायला मलाच जावं लागलं.

ग्लेनिसनं स्वस्तातल्या केबली हलवल्या
सगळ्यात खालच्या फळीवर,
व्हॅक्यूमच्या पिशव्यांआड.
आणि मला ताकीद दिली: तोंडातून सोनंच निघालं पाहिजे.

निघायचं.
खोल काळा रंग, मी म्हणायचो,
गवताचं पातं न् पातं,
काचेकडे पाठ करून, खणखणीत आवाजात,
आणि उजव्या बुटाचं टोक
खालच्या फळीकडे.

त्या महिन्याचं माझं कमिशन
अकरा डॉलर चाळीस सेंट.
त्यातले सहा तिथेच खर्च केले.
आईच्या टीव्हीसाठी.
मोजायला घरात लोकर नव्हती,
तिच्या झग्याचा पट्टा नेला होता.